एकच रेघ

केसपेपर तिने प्लास्टिकच्या पिशवीतून काढला,
रेशनकार्ड आणि लसीच्या कार्डाच्या मधून.
चार घड्या. घडीवर घडी झिजून भोकं पडलेली.
अक्षर माझंच होतं.

वय दोन वर्षं एक महिना. अजून बोलत नाही.
मुलगे उशिरा बोलतात. काळजी नको. मोबाईल बंद.
खाली कॅल्शियमचं सिरप, त्याखाली सही.

आता नैतिक साडेचारचा आहे.
तान्ह्या बाळांच्या वजनकाट्याचं ताट तो बोटाने दाबतो, सोडतो,
काटा थरथरत शून्यावर येईपर्यंत श्वास धरून बघतो,
पुन्हा दाबतो.
दाराबाहेर रांग खोकते आहे. कुणाचा विंचू, कुणाची साखर.
लाईट गेली, जनरेटर सुरू झाला,
तसा दोन्ही हात कानांवर घेऊन तो ओरडला.
सिस्टर म्हणाली, लाडावलाय.

"तुमी म्हन्लं होतं, बोलन."
तक्रार नव्हती आवाजात. उसनं नेलेलं भांडं
शेजारणीला आठवून द्यावं, तेवढंच.
"मंग थांबलो आमी. पोया झाला, दिवाई झाली,
अजून एक पोया झाला.
सासू म्हने, मायच मुकी तं पोरगं काय बोलन.
मंग मी बोलतच राह्यली. वावरात, चुलीपाशी,
तो झोपला तरी भी."

आमच्या पुस्तकात यावर दीड पान होतं.
कडेला कुणा सीनियरने पेन्सिलीने लिहिलेलं: परीक्षेत येत नाही.
खरंच आलं नाही.
चौदा वर्षांनी आलं, लोणखेडीला, एका मंगळवारी,
आईचं बोट धरून, आईकडे न बघता.
तेव्हाही मी ते पान उलटलंच.

मला दंशावरून साप कळतो.
पोराचे डोळे, सुजलेली बोटं पाहून सिकलसेलची शंका येते.
आणि हा माझ्यासमोर बसून
सिरपच्या बाटलीचं टोपण टेबलावर गरगर फिरवत होता,
तर मी ते हातातून काढून घेतलं.

शालू ढोके, आमची आशा, तिला आधी दिसलं होतं.
पोलिओच्या रविवारी म्हणाली होती,
"साहेब, शाई लावली तं रडला नाही, हासला नाही,
माह्याकडे पाह्यलं भी नाही. बोटाकडेच पाहात बसला."
मी म्हणालो होतो, पुढचं घर घ्या.

मागच्या महिन्यात जिल्ह्याला प्रशिक्षण झालं, दोन दिवसांचं.
पडद्यावर एक मूल खेळण्यातली गाडी उलटी धरून चाक फिरवत होतं.
चहाला कुणीतरी म्हणालं, हे शहरात असतं, आपल्याकडे नाही.
माझं बिस्किट कपात गळून पडलं.
टोपण आठवलं.
त्याच संध्याकाळी शालूला फोन केला.

आज मी हाक मारली. नैतिक.
काटा शून्यावर आला.
पुन्हा मारली.
मग मीही ताट दाबलं, हलकेच.
त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.
माझं बोट उचलून बाजूला ठेवलं, नीट,
चमचा जागेवर ठेवतात तसं,
आणि स्वतः दाबलं.

मी शब्द सांगितला: स्वमग्नता.
"मंग गोयी कोनती?"
गोळी नाही. यवतमाळला जायचं, शिकवतील. त्याला, तुम्हालाही.
तिने एसटीची वेळ विचारली, तिकीट विचारलं.
पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.
"म्हंजे माहं बोलनं कमी नोतं पडलं?"

नाही, म्हणालो.
आणखी काही म्हणायला हवं होतं.

रजिस्टरात रकाने: ताप, हगवण, श्वानदंश, इतर.
इतर.

नियम असा आहे, चुकलेलं गिरगटून खोडायचं नाही.
एकच रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी,
बाजूला तारीख आणि सही.
काळजी नको, यावरून रेघ नेताना
कागद घडीपाशी थोडा फाटला.

तिने तो परत मागितला,
त्याच घड्यांवर मिटला.
गाडीला अजून पाऊण तास होता.
काटा हलत होता.